लोकमान्यांचा मधुमेह

१ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांची प्राणज्योत मालवली. केसरीकार, राजद्रोहाचे आरोपी, गीतारहस्याचे कर्ते आणि स्वराज्याच्या चळवळीचे सेनापती या नात्यांनी त्यांच्या आयुष्याची हकिकत मराठी वाचकाला ठाऊक आहे. मात्र त्यांच्या उत्तरायुष्यात सतत सोबत करणाऱ्या एका व्याधीविषयी फारसे लिहिले जात नाही. ती व्याधी म्हणजे मधुमेह. लोकमान्य गेले त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे एका मुलाला इन्शुलिनची पहिली सुई टोचण्यात आली आणि या रोगाचा इतिहास बदलला. लोकमान्यांची पिढी या शोधाच्या अलीकडच्या काठावर राहिली.

मधुमेह हा साखरेचा रोग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नावही तेच सांगते. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो तितकाच मेदाचाही रोग आहे. शरीराला स्निग्ध पदार्थांचा हिशेब जमेनासा झाला की काय घडते, ते या एका व्याधीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते. लोकमान्यांचे चरित्र या बाजूने वाचले, तर एका कणखर माणसाची ओळख पटते आणि आपल्या शरीराचीही.

कमावलेले शरीर

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेला बाळ प्रकृतीने काही दणकट नव्हता. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि पुढे शिक्षणखात्यात अधिकारी झाले. त्यांच्या बदलीमुळे १८६६ साली कुटुंब पुण्यास आले आणि त्याच वर्षी आई पार्वतीबाई निवर्तल्या. मॅट्रिकच्या सुमारास, १८७२ मध्ये, वडिलांचेही छत्र हरपले. डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतल्यावर या किरकोळ अंगाच्या तरुणाने पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामालाच वाहिले. तालीम, पोहणे, नाव वल्हवणे आणि त्याला साजेसा आहार असा क्रम ठेवून त्याने शरीर कमावले. त्यापायी परीक्षेचे एक वर्ष वाया गेले, पण त्याची खंत त्याला वाटली नाही. पुढे आयुष्यभर जे सोसावे लागले, त्याचे भांडवल त्या वर्षात जमा झाले होते.

१८७६ साली बी. ए. आणि १८७९ साली एलएल. बी. झाल्यावर टिळकांनी सरकारी नोकरीची वाट धरली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्या साथीने १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये केसरी व मराठा ही पत्रे उभी राहिली. कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली आगरकरांसह १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. ती तुरुंगाची पहिली ओळख होती. खरी कसोटी १८९७ साली लागली. प्लेगच्या दिवसांत केसरीत आलेल्या लेखनावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी सुनावण्यात आली.

तुरुंगातले अन्न टिळकांच्या गळी उतरणारे नव्हते. पहिल्या काही महिन्यांतच त्यांचे वजन झपाट्याने उतरले. १८९८ च्या सप्टेंबरात सुटून आले तेव्हा प्रकृती पार खालावलेली होती. सिंहगडाच्या हवेत राहून त्यांनी ती सावरली. उपासमारीत माणूस खंगतो, तरीही अनेक आठवडे तग धरतो. तो कशाच्या बळावर, हे इथे समजून घेतले पाहिजे.

शरीरातले पेव

आपण खाल्लेले तूप, तेल, लोणी किंवा शेंगदाण्यातली स्निग्धता पाण्यात विरघळत नाही. म्हणून तिच्या पचनाची व्यवस्था निराळी आहे. यकृतातून येणारे पित्त तिचे बारीक थेंब करते. स्वादुपिंडातून आलेला पाचकरस ते थेंब फोडून त्यांतली मेदाम्ले मोकळी करतो. लहान आतड्याच्या भिंतीतून ती शोषली गेली की तिथेच पुन्हा जोडली जातात, त्यांवर प्रथिनांचे आवरण चढते आणि हे सूक्ष्म थेंब लसिकावाहिन्यांतून रक्तात पोहोचतात. वाटेत स्नायूंना हवे तेवढे इंधन मिळते. उरलेले मेदपेशींत साठवले जाते.

हा साठा म्हणजे चैन नव्हे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ कॅलरी ऊर्जा मिळते, तर तेवढ्याच पिष्टमय पदार्थातून चार. यकृतात साठवलेली साखर सुमारे १०० ग्रॅम असते आणि साधारण एका दिवसाच्या उपवासात ती संपत येते. त्यानंतर भिस्त मेदावर. मराठवाड्यात पूर्वी सुगीचे धान्य जमिनीखालच्या पेवात भरून ठेवत आणि दुष्काळात ते पेव उघडत. शरीरातल्या मेदाचे कामही तेच.

या पेवावरचे झाकण म्हणजे इन्शुलिन. स्वादुपिंडातून पाझरणारे हे संप्रेरक जेवणानंतर वाढते आणि मेदपेशींना साठवण करण्याचा इशारा देते. उपवासात ते कमी होते, तेव्हा झाकण थोडे सरकते आणि मेदाम्ले हळूहळू रक्तात येतात. स्नायू ती जाळतात. यकृत त्यांचे तुकडे करून त्यांपासून कीटोन नावाची द्रव्ये बनवते आणि साखर दुर्मीळ झाली असता मेंदूही त्यांवर गुजराण करतो. या अवस्थेतही थोडे इन्शुलिन शिल्लक असते, म्हणून कीटोन हाताबाहेर जात नाहीत. तुरुंगातल्या उपासमारीत माणूस जगतो तो या व्यवस्थेमुळे.

मंडाले

१९०८ साली मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणानंतर केसरीत आलेल्या लेखांवरून टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. जामिनासाठी बॅ. महंमद अली जीना यांनी केलेला अर्ज न्या. दावर यांनी फेटाळला. योगायोग असा की, १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील हेच दावर होते. २२ जुलै १९०८ रोजी, वयाला ५२ वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि १००० रुपये दंडाची शिक्षा झाली. काही आठवडे साबरमतीच्या तुरुंगात ठेवून सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे हलवण्यात आले आणि शिक्षा साध्या कैदेची करण्यात आली.

लाकडी भिंतींची खोली, उन्हाळ्यात भाजून काढणारी हवा, हिवाळ्यात बोचरी थंडी आणि आपल्या भाषेत बोलायला स्वयंपाकासाठी दिलेला एक मराठी कैदी, असे ते जग होते. मधुमेहाने ग्रासलेल्या पन्नाशीतल्या माणसाने तिथे सहा वर्षे काढली. खाण्यापिण्यावर कडक बंधने पाळावी लागत. औषध म्हणावे असे या रोगावर तेव्हा काहीच नव्हते.

वैद्यकाला त्या वेळी किती ठाऊक होते? १८७४ साली जर्मन वैद्य अ‍ॅडॉल्फ कुसमाउल यांनी अखेरच्या अवस्थेतील मधुमेही रुग्णांच्या खोल, ओढून घेतलेल्या श्वासाचे वर्णन केले होते. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले असता त्याला तीव्र मधुमेह होतो, हे दाखवले. १९०४ साली फ्रान्झ क्नूप यांनी मेदाम्लांच्या लांब साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे करत शरीर ती जाळते, हा नियम शोधून काढला. कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या निबंधांत हा रोग बैठे काम करणाऱ्या सुशिक्षित वर्गात फार आढळतो, अशी नोंद आहे. वकील, संपादक, अध्यापक या वर्गातलेच टिळक होते. अशी निरीक्षणे खूप होती, परंतु स्वादुपिंडातले नेमके कोणते द्रव्य कमी पडते, ते कोणाच्याही हाती लागले नव्हते.

आज उलगडा झाला आहे तो असा. इन्शुलिन अगदीच नाहीसे झाले की पेवावरचे झाकण उडते. रक्तात साखर भरपूर असते, पण ती पेशींच्या उपयोगी पडत नाही. उपासमारच चालू आहे असे समजून शरीर मेद सोडत राहते. मराठीत ज्याला पेव फुटणे म्हणतात, तीच ही अवस्था. यकृतात मेदाम्लांचा लोंढा येतो आणि कीटोन जाळले जाण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने तयार होतात. ती आम्लधर्मी असल्याने रक्ताची आम्लता वाढते. तहान, मळमळ, पोटदुखी, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, तो कुसमाउलचा खोल श्वास आणि शेवटी बेशुद्धी, असा क्रम असतो. उपवासात तारणारी व्यवस्थाच इथे मारक ठरते. दोहोंत फरक असतो तो थोड्याशा इन्शुलिनचा.

म्हणूनच त्या काळी नुसती साखर आणि भात तोडून भागत नसे. पिष्टमय पदार्थ कमी करून त्या जागी तूप-लोणी वाढवले की लघवीतली साखर घटे, पण तीव्र मधुमेहात कीटोन वाढत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी १९१४ च्या सुमारास एकूण आहारच अत्यल्प ठेवण्याची पद्धत आणली. तिने काही रुग्णांचे आयुष्य थोडे लांबले, पण ते अस्थिपंजर होऊन जगत.

मंडालेतील दिनक्रमात टिळकांनी व्याधीला मध्यवर्ती स्थान दिले नाही. शेकडो ग्रंथ मागवले, जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचा अभ्यास केला. १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या पाच महिन्यांत, पेन्सिलीने गीतारहस्याचा मजकूर लिहून काढला. जून १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्याची तार त्या कोठडीत पोहोचली. कर्माचा त्याग नव्हे तर निष्काम कर्म हाच गीतेचा उपदेश, हे प्रतिपादन एका निरोगी पंडिताने बैठकीत बसून केलेले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सुटकेनंतरची सहा वर्षे

जून १९१४ मध्ये सुटून आलेले टिळक वयाने आणि आजाराने थकलेले होते. विश्रांती घेतली असती तरी कोणी बोल लावला नसता. पण १९१५ मध्ये गीतारहस्य प्रसिद्ध झाले, १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग स्थापन झाली, त्याच वर्षी साठी पूर्ण होताना पुन्हा राजद्रोहाची कारवाई झाली आणि ती उच्च न्यायालयात टिकली नाही. या वेळी बाजू मांडणारे जीनाच होते. वर्षाअखेर लखनौ करार घडला. १९१८ मध्ये ते चिरोल खटल्यासाठी इंग्लंडला गेले, खटला हरले, तरी वर्षभर राहून तिथल्या मजूर पक्षापर्यंत स्वराज्याची मागणी पोहोचवून आले. डिसेंबर १९१९ च्या अमृतसर काँग्रेसलाही ते हजर होते.

इन्शुलिनच्या आधीच्या काळात तीव्र मधुमेह जडलेली मुले बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावत. टिळक मात्र प्रौढ वयात जडलेल्या व्याधीसह दीर्घ काळ, तेही असे धकाधकीचे आयुष्य जगले. त्यावरून त्यांचा मधुमेह आज ज्याला दुसऱ्या प्रकारचा म्हणतात तसा असावा, असे मानायला जागा आहे. भारतात सर्वाधिक आढळतो तो हाच प्रकार.

यात इन्शुलिन नाहीसे होत नाही, त्याचे म्हणणे शरीर ऐकेनासे होते. त्यामागेही मेदाचीच गोष्ट आहे. त्वचेखालच्या मेदपेशींची साठवणीची मर्यादा संपली की जादा मेद यकृतात, स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांभोवती साचू लागतो. त्या जागा मेदाच्या नव्हेत. तिथे तो साचला की इन्शुलिनचा इशारा बोथट होतो, यकृत अवेळी साखर सोडते, रक्तातली ट्रायग्लिसराइड वाढतात, हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब होऊ लागतात. पुढे हृदय, मूत्रपिंड, डोळे आणि पाय यांना त्याची किंमत मोजावी लागते.

आपल्याकडच्या माणसांत हे अंगाने सडपातळ असतानाही का घडते, याचा शोध टिळकांच्याच पुण्यात लागला, हा एक सुखद योग. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांच्यासह स्वतःचेच मापन २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात मांडले. उंचीच्या प्रमाणात वजन दोघांचे सारखे होते, निर्देशांक २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणाऱ्या बाळांचा त्यांच्या गटाने केलेला अभ्यासही हेच सांगतो. ही बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजनातली ही तूट स्नायू आणि अवयवांत अधिक होती, त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. आईच्या पोटात सुरू झालेली कुपोषणाची कहाणी चाळिशीत मधुमेहाच्या रूपाने पुढे येते ती अशी. तराजूवर कमी भरणारा माणूस या रोगापासून सुरक्षित असतो, हा समज या संशोधनाने मोडीत काढला.

अखेर, आणि टोरांटो

जुलै १९२० मध्ये ताई महाराज प्रकरणाच्या कामासाठी लोकमान्य मुंबईस आले आणि सरदारगृहात उतरले. तिथे त्यांना हिवतापाने गाठले. मध्ये थोडा उतार पडला, पण ताप पुन्हा उलटला आणि त्यातून न्यूमोनिया झाला. संसर्गाशी झुंजताना शरीर जी संप्रेरके सोडते, ती इन्शुलिनच्या विरुद्ध काम करतात. त्यामुळे मधुमेही शरीराला असे दुखणे दुपटीने जड जाते. जंतूंवर मात करणारी औषधेही तेव्हा नव्हती. वयाची ६४ वर्षे पूर्ण झाल्यावर नवव्या दिवशी ते गेले. चौपाटीवर लोटलेला जनसमुदाय मुंबईने तोवर पाहिला नव्हता.

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात प्रा. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क मधुमेही कुत्र्यांना टोचून पाहिला. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलाला दिलेली पहिली मात्रा फारशी लागू पडली नाही. २३ जानेवारीपासून शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हा त्याच्या रक्तातली साखर उतरली आणि लघवीतले कीटोन नाहीसे झाले. फुटलेल्या पेवावर पुन्हा झाकण बसले. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

सोलापूर ते अंबाजोगाई

लोकमान्य गेले त्या दिवशी सोलापुरात शिकणाऱ्या व्यंकटेश खेडगीकर नावाच्या मुलाने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याची शपथ घेतली. पुढे संन्यास घेऊन तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९३५ साली स्वामीजी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईस आले, तिथे त्यांनी शाळेच्या द्वारे राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले आणि तिथूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेतृत्वापर्यंत पोहोचले. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९७४ साली अंबाजोगाईत ग्रामीण भागासाठी सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांचेच नाव मिरवते. लोकमान्यांच्या मृत्यूने ज्या आयुष्याला दिशा दिली, त्या आयुष्याच्या नावाने बीड जिल्ह्यात एक रुग्णालय उभे आहे आणि तिथे इन्शुलिनची बाटली ही अपूर्वाई नाही.

मंडालेच्या कैद्याला जे सहा वर्षांत मिळू शकले नाही, ते आज तालुक्याच्या गावी मिळते. बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब काही सेकंदांत साखर सांगतो. उपाशीपोटी केलेली एक तपासणी रक्तातल्या मेदाचा हिशेब मांडते. तरीही रोग दडून राहतो, कारण सुरुवातीला तो दुखत नाही. शहरात खुर्चीला खिळलेली माणसे तपासणी पुढे ढकलतात. दसऱ्यानंतर कोयता घेऊन सहा महिने फडावर जाणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुरांना तर एका दवाखान्यात सलग उपचार घेणेच अवघड असते. त्यांची गोळी किंवा सुई मध्येच तुटली, तर शरीर शंभर वर्षांपूर्वीच्याच नियमाने वागते.

अकारण घटणारे वजन, न शमणारी तहान, वारंवार लघवी, न भरणारी जखम, ही लक्षणे दिसली की तपासणी करावी. घरात कोणाला मधुमेह असेल किंवा कमरेचा घेर वाढत असेल, तर लक्षणांची वाटही पाहू नये. तुपाला विष ठरवून किंवा अमृत मानून हा प्रश्न सुटत नाही. किती खाल्ले, किती जाळले आणि इन्शुलिनचा इशारा शरीराला ऐकू येतो की नाही, यावर सगळे अवलंबून आहे.

लोकमान्यांनी आपल्या व्याधीचा बाऊ केला नाही, पण पथ्यात हयगयही केली नाही. उपाय नसलेल्या काळात त्यांच्या हाती एवढेच होते. आपल्या काळाला उपाय लाभला आहे. तो फडावरच्या कोपीपर्यंत पोहोचवण्याचे काम तेवढे उरले आहे.